दोन तारांची केबल

केबल लावली की कॅमेऱ्याचा दिवा हिरवा होतो
आणि लॅपटॉप म्हणतो, काहीच जोडलेलं नाही.
ही तिसरी रात्र.
मेस्तियात ऑक्टोबर, उश्बाचं शिंग ढगात,
आणि नातियाच्या लग्नाचे अकराशे त्रेचाळीस फोटो
नखाएवढ्या कार्डात कोंडलेले.

सगळं करून पाहिलं.
लॅपटॉप बंद केला, चालू केला. हे भोक, ते भोक.
मेनूत शिरून जोडणीचा प्रकार बदलला,
पुन्हा बदलला, मूळचा कुठला होता तेच विसरलो.
कार्ड काढून शर्टाला पुसलं, फुंकर मारली.
फुंकरीनं काय होतं माहीत नाही, पण मारावी लागते.
लॅपटॉपला कार्डाची फट आहे म्हणा,
पण तीन वर्षांपूर्वी भाचीनं तिच्यात पाच तेत्रीचं नाणं सरकवलं,
ते अजून आतच आहे.

नातिया रोज विचारते, "आले का?"
जणू फोटो पायी येताहेत, खिंड ओलांडून.
"निघालेत," मी सांगतो.

शेवटी कुताइसीहून तेमो फोनवर म्हणाला,
"केबल कुठली लावलीस?"
ही काय, बाबांच्या टॉर्चची. काळी.
तो इतका हसला की त्याची बायको जागी झाली.
"अरे, तिच्यात दोनच तारा. वीज नेणाऱ्या.
बोलणाऱ्या दोन घालतच नाहीत, स्वस्त पडावी म्हणून.
ती नुसती जेवू घालते."

मी केबलीकडे पाहिलं.
मग टेबलाच्या कडेकडे,
जिथं बाबा कुबदारीचं ताट ठेवून गेले होते,
वर दुसरं ताट पालथं, गरम राहावं म्हणून.
दोन गायी विकून मी हा कॅमेरा आणला
त्याला परवा अठरा महिने झाले.
ताट एकदाही चुकलं नाही.

चार तारांची केबल शाळेत मिळाली, प्रिंटरच्या मागे.
एतेरीबाईंनी बजावलं, आठच्या आत परत.
लावली. टुंग.
फोटो येऊ लागले, अरुंद फाटकातून मेंढ्या याव्यात तसे,
एकमेकांना ढकलत,
आणि आले ते उघडेनात. कोरे पांढरे चौकोन.
"कच्चे आहेत ते," तेमो जांभई देत म्हणाला,
"तुझा लॅपटॉप म्हातारा, त्याला नव्या कॅमेऱ्याची बोली येत नाही.
एक प्रोग्राम पाठवतो."
कच्चे. म्हणजे कच्चे लिंबूच:
खेळात आहेत, पण धरले जात नाहीत.

प्रोग्राम उतरायला अडीच तास लागले,
त्यात वीज दोनदा गेली.
पहिला फोटो उघडला तेव्हा कोंबडा आरवत होता.
सगळं वऱ्हाड राखाडी, ताकात बुडवून काढल्यासारखं.
आणि तारीख: एक जानेवारी दोन हजार पंधरा.
कॅमेऱ्याचं घड्याळ कधी हरवलं कुणास ठाऊक.
त्या तारखेला नातिया शाळेत होती.
त्या तारखेला गायी गोठ्यात होत्या.

पण कच्च्याचं एक असतं,
अंधारातही काही ना काही शिल्लक राहतं.
चारशे सतरा नंबर. पुढे नाचणारे, मागे काळंभोर दार.
मी सावल्या वर ओढत गेलो, आणखी, आणखी,
आणि दारात बाबा उगवले.
हातात ताट. नजर थेट माझ्यावर.
तोंड उघडं.
काहीतरी म्हणताहेत,
किंवा चावताहेत.
मोठं करत नेलं तर नुसते ठिपके.

साडेसात. नऊशे दोन झाले होते.
ताट न्यायला ते आत आले
आणि गेले नाहीत.
माझ्या खांद्यामागे त्यांचा श्वास, लाकडाच्या धुराचा.
पडद्यावर ते, पडद्यामागे... नाही, माझ्यामागे ते.
मी वळलो नाही.

"माझी केबल," बाबा म्हणाले.

दिली.
गुंडाळायला त्यांनी बराच वेळ लावला.